पंचेचाळीस भागिले पंधरा : खडवलीची सेवासहल

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात आली. 'वीकेंड सेवासहल. शनिवार-रविवार आदिवासी पाड्यावर स्वयंसेवा. टी-शर्ट, नाश्ता आणि प्रमाणपत्र समाविष्ट.' खाली तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलेलं, तिथे वेस्टर्न टॉयलेट आहे का. त्याच्याखाली कोणीतरी मला उद्देशून लिहिलं, 'आजोबा, तुमच्या वेळी असं काही होतं का? तुम्ही गेलेलात का कधी?'

गेलेलो. टी-शर्ट नव्हता, बिल्ला होता. बाकी सगळं तेच.

या ब्लॉगवर माझ्या बद्रीनाथच्या यात्रेचे सात लेख आहेत. लोकांना ते आवडतात, अजून कोणी ना कोणी पत्ता-खर्च विचारत असतं. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी तीन दिवस खडवलीला गेलेलो, त्यावर आजपर्यंत एक अक्षर लिहिलेलं नाही. नव्वदी केव्हाच ओलांडली, आता लाजायला वेळ उरलेला नाही. म्हणून लिहून टाकतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. डोंबिवली म्हणजे तेव्हा विहिरी, कंदील आणि सकाळच्या गाडीने मुंबईला जाणारे कारकून. मी त्यातलाच एक, बाविशीचा, सरकारी कचेरीत लागून तीन वर्षं झालेली. संध्याकाळी घरी येऊन करायचं काय, हा सगळ्यांनाच प्रश्न. त्यावर आमच्या आळीतल्या भाऊसाहेब टिपणिसांनी उत्तर काढलं. ते एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि देशाचं जे काही अडलंय ते फायलिंग नीट नाही म्हणून अडलंय, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी 'सेवेच्छू मंडळ' काढलं. कल्पना अशी की ज्यांना सेवा करायचीय त्यांची नावं एका पेटीत, ज्या संस्थांना माणसं हवीत त्यांची पत्रं दुसऱ्या पेटीत, आणि मंडळाने दोघांची गाठ घालून द्यायची. कल्पना वाईट नव्हती. आजही नाही. वाईट आम्ही होतो.

स्वयंसेवकाला गुलाबी कार्ड भरावं लागे. नाव, शिक्षण, कचेरी आणि 'सेवेची आवड'. आवडीच्या रकान्यात अर्ध्याहून जास्त लोकांनी 'व्याख्यान देणे' लिहिलेलं. दोघांनी 'काव्यगायन'. लेले म्हणून एक होते, त्यांच्याकडे कॅमेरा होता, त्यांनी 'छायाचित्रण'. मी मोठ्या ऐटीत 'लेखन व व्यवस्था' लिहिलं आणि त्या जोरावर मंडळाचा चिटणीस झालो. भांडी घासणे, पोरं सांभाळणे, आजाऱ्याजवळ बसणे असलं काही एकाही कार्डावर नव्हतं. देशसेवा करायची म्हणजे काय बायकांची कामं करायची?

एक माणूस मात्र कार्ड न मिळता परत गेलेला. काशिनाथ म्हात्रे, खाडीकाठच्या गावातला, भातशेती आणि मिठागर असलेला, चाळिशीचा आगरी गडी. आमच्या आळीत मीठ घालायला यायचा, तेव्हा कोणाकडून तरी ऐकून आला आणि म्हणाला, माझंही नाव घाला. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू, म्हणून मी विचारलं तर हसला. भाऊसाहेब म्हणाले, रकाना रिकामा ठेवता येत नाही, नियम म्हणजे नियम. काशिनाथ बरं म्हणून गेला. त्याला वाईट वाटलं असेल असं तेव्हा आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

चैत्र संपता संपता संस्थांच्या पेटीत एक पत्र आलं. खडवली स्टेशनापासून दोन कोसांवर, नदीपलीकडे, वत्सलाबाई नावाच्या एक विधवा बाई कातकरी-ठाकरांच्या मुलांचं वसतिगृह चालवत होत्या. पत्र पोस्टमास्तरांकडून लिहवून घेतलेलं, कारण बाईंना काचबिंदू झालेला. डॉक्टरांनी सांगितलेलं, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया लगेच करून घ्या, आधी डावा, तीन आठवड्यांनी उजवा. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती वाचेल, पण पावसाळ्यानंतर या म्हणालात तर तीही नाही. सुट्टी असल्यामुळे बाकीची मुलं घरी गेलेली, पण ज्यांना जायला घरच नाही अशी अकरा मुलं तिथे होती. त्यांना सोडून बाई जाणार कशा? म्हणून त्यांनी मागितलेलं ते असं: दीड महिना तिथे राहून मुलांना करून घालेल असा एक माणूस. शिकलेला नसला तरी चालेल. एकच माणूस पुरे.

पत्र मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं. सगळे हळहळले. मग दीड महिना कोण जाणार, यावर सगळे टिपणिसांच्या ओटीच्या फरशा मोजू लागले. शेवटी भाऊसाहेबांनी चष्मा वर सरकवला, कागद ओढला आणि गणित मांडलं.

"एक माणूस, पंचेचाळीस दिवस. एवढे दिवस आपल्यापैकी कोणाकडेच नाहीत. पण पंधरा माणसं, तीन दिवस? पंधरा त्रिक पंचेचाळीस. बाईंना पुरेपूर सेवा मिळते आणि कोणावर भारही पडत नाही."

हसू नका. आमच्या सगळ्यांच्या कचेऱ्यांत हे रोज चालायचं. एका कारकुनाला एक रजिस्टर उतरवायला नऊ दिवस लागत असतील तर तीन कारकून लावा, तीन दिवसांत होतं. जन्म त्यात गेलेला. एकालाही वाटलं नाही की रजिस्टर आणि पोर यात काही फरक असतो. भाऊसाहेबांनी कागद माझ्याकडे तपासायला दिला. मी तपासला. खाली 'बरोबर' लिहून सही ठोकली. आणि बाईंना उत्तर धाडलं ते माझ्याच सुवाच्य अक्षरात: 'आपली मागणी मंजूर झाली असून मंडळ आपणांस संपूर्ण पंचेचाळीस दिवसांची सेवा देत आहे.'

पहिला दिवस, शनिवार. सोमवारी कसलीशी सुट्टी होती म्हणून तीन दिवस जमलेले. सकाळी डोंबिवली स्टेशनावर पंधरा जण पांढऱ्या टोप्या आणि पितळी बिल्ले लावून हजर. एकाने होल्डॉल आणलेला, एकाने हार्मोनियम. श्रमदान म्हणजे फावडी हवीतच, पण कारकुनाच्या घरात फावडं कुठून असणार? ती काशिनाथकडे मागितली. तो आठ फावडी आणि तेवढीच घमेली घेऊन आला आणि फलाटावरच बसला. म्हणाला, मिठागराची फावडी आहेत, मी सोबत असल्याशिवाय ती कुठे जात नाहीत. भाऊसाहेब नाराज झाले, पण फावड्यांशिवाय फोटो काढणार कसला? अशा रीतीने काशिनाथ आमच्यात आला, सोळावा, बिनबिल्ल्याचा.

तेव्हा खडवलीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट सहा-सात आण्यांत येई. कल्याणला गाडी बदलायची, कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीला दोन तास होते. फलाटावर चहा आणि भजी झाली, मग कोणीतरी म्हणालं की टिटवाळा वाटेतच आहे, शुभकार्याआधी गणपतीला नमस्कार करून जाऊ. उतरलो टिटवाळ्याला. दर्शन, प्रसाद, लेल्यांचा पहिला फोटो, आणि पुढची गाडी थेट दुपारची. देवळाच्या ओट्यावर पथारी पसरून आम्ही झकास झोपलो. आज जाणाऱ्यांसाठी सांगतो, आता गाड्या पुष्कळ आहेत आणि स्टेशनाबाहेर रिक्षाही मिळतात. टिटवाळ्याला अवश्य उतरा, पण कोणी तुमची वाट बघत असेल तर परतीच्या वाटेवर उतरा.

खडवलीला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलेलं. स्टेशनाजवळच भातसा नदी. मे महिन्यात गुडघाभर पाणी, तळाचे गोटे दिसतील इतकं स्वच्छ. पलीकडे करवंदीच्या जाळ्या आणि पळसाची झाडं. सांगायला लाज वाटते, पण ती दोन कोसांची वाट फार सुंदर होती. भाऊसाहेबांनी आम्हांला दोघादोघांच्या रांगेत चालायला लावलं, पुढे मंडळाचा फलक. गुरं राखणारी माणसं उभी राहून बघत होती. चालता चालता लेल्यांनी माझी चेष्टा सुरू केली. मी तीन वर्षांत एक रजा न घेता बावन्न दिवसांची रजा साठवलेली, दिवाळीच्या सुमाराला बद्रीनाथला जायचं म्हणून. मीही मोठ्या अभिमानाने सांगत होतो, साहेब माझ्यावर खूश आहे, रजेचा अर्ज टेबलावर ठेवला की त्याच दिवशी सही करतो. काशिनाथ मागून फावड्यांचा भारा घेऊन येत होता. त्याने ते ऐकलं. आम्ही आमच्या आवाजात बोलत होतो, तो ऐकतोय की नाही याचा विचार कशाला करू?

वसतिगृह म्हणजे कुडाच्या भिंतींची लांबोडकी खोली, पुढे पडवी, मागे चूल. पडवीत वत्सलाबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, मान जरा तिरकी करून बघायची सवय लागलेल्या. त्यांच्या शेजारी पत्र्याची ट्रंक होती, वरून दोरीने करकचून बांधलेली. कनवटीला त्यांनी कोठीची किल्ली खोचलेली. भिंतीवर खडूने, हातभर उंचीच्या अक्षरांत, दिवसभराचं सगळं लिहिलं होतं: तांदूळ किती शेर, कोणत्या मुलाला फिट येते, कोणती मुलगी अंधाराला भिते, विहिरीवर एकट्याने कोणाला पाठवायचं नाही.

भाऊसाहेबांनी घसा खाकरला आणि मंडळाचा परिचय करून द्यायला सुरुवात केली. बाईंनी दोन-तीन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळे पोचवायला आलात, फार उपकार झाले. पण राहणार कोण ते सांगा आधी. त्याला किल्ली देते."

मग भाऊसाहेबांनी गणित समजावून सांगितलं. पंधरा त्रिक पंचेचाळीस. खरंच सांगतो, त्यांना कसलीही शंका नव्हती. बाई मान तिरकी करून त्यांच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "मुलं रोज जेवतात हो."

बाईंनी ट्रंक ओढत आत नेली आणि चूल पेटवायला गेल्या, कारण सोळा पाहुणे आलेले आणि शिधा म्हणून आमच्याकडे शंकरपाळे, चिवडा आणि एक डबा लाडू एवढंच होतं. अकरा मुलांच्या कोठीतून अठ्ठावीस माणसांचा भात शिजला. मी चुलीपाशी पाणी मागायला गेलो तर बाई पातेल्याच्या काठावरून बोटं फिरवून पाणी किती वर आलंय ते बघत होत्या. बोटांची टोकं भाजून काळी पडलेली. हे आमचं मदत करणं. ज्या बाईला कमी दिसतं तिला आम्ही सोळा माणसांचा स्वयंपाक लावला.

दुसरा दिवस श्रमदानाचा. काय करायचं हे बाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण विचारायचं मंडळाच्या नियमात नव्हतं. भाऊसाहेबांनी पडवीपासून विहिरीपर्यंत रस्ता बांधायचं ठरवलं. वाट होती, मुलांच्या पायांनी पडलेली, आंब्याच्या सावलीतून वळण घेत जाणारी. भाऊसाहेबांना वळण खपत नसे. सरळ रेघेत, भर उन्हातून, पन्नास-साठ पावलांचा 'सेवापथ' खणायला घेतला. कारकुनांचे हात. अर्ध्या तासात फोड आले, तासाभरात नऊ जण सावलीत. हार्मोनियमवाल्याने गाणं सुरू केलं. लेले एकेकाला उभं करून, हातात फावडं देऊन फोटो काढत होते. खणत होता एकटा काशिनाथ. मध्येच त्याने फावडं टेकलं, आमच्याकडे बघितलं आणि मुलांना घेऊन विहिरीवर गेला. रहाटाचा दोर कुजलेला होता तो बदलला, कडेची सुटलेली फळी ठोकली. बाईंना हवं असलेलं त्या तीन दिवसांतलं एवढं एकच काम झालं आणि ते सेवापथाच्या कामात खंड पाडून झालं, म्हणून भाऊसाहेब त्याच्यावर रागावले.

दुपारी सगळी मुलं जुन्याच वाटेने, सावलीतून पाण्याला गेली. सेवापथावर कोंबड्या बसल्या.

त्या दिवशी भाऊसाहेबांच्याही मनाला कुठेतरी टोचलं असावं. जेवताना त्यांनी विषय काढला, कोणाला थोडं जास्त राहता येईल का. मग जी कारणं निघाली ती ऐकण्यासारखी होती. एकाला मुलगी दाखवायला येणार होते. एकाची खात्यांतर्गत परीक्षा. एकाच्या आईला त्याच्याच हातचं औषध लागायचं. लेल्यांचे फोटो धुवायला देणं अडलेलं. हार्मोनियमवाला म्हणाला, मला चुलीच्या धुराचा त्रास होतो. माझी पाळी आली तेव्हा मी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि पुढच्याला वाट दिली. रजेचं कोणी काढलं नाही. आदल्या दिवशी सगळ्यांनी ऐकलेलं, पण दुसऱ्याच्या कारणात नाक खुपसायचं नाही एवढी सभ्यता आमच्यात होती. प्रत्येकाला आपलं कारण झाकायचं होतं ना.

तिसरा दिवस. सकाळी मी तोंड धुवायला विहिरीवर गेलो तर वत्सलाबाई तिथे होत्या. मला पायांच्या आवाजावरून ओळखलं का कशावरून, कोण जाणे. म्हणाल्या, "चिटणीस ना तुम्ही? पत्र तुमच्या हातचं होतं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, पोस्टमास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा मी त्याच दिवशी डॉक्टरांना होकार कळवला. मग म्हणाल्या, "तुम्हांला रजा आहे म्हणे." काशिनाथने सांगितलं असणार. चहाडी म्हणून नव्हे, त्याला वाटलं असेल की हा विसरलाय.

त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. दीड महिना नको, म्हणाल्या, तीनच आठवडे राहा, एक डोळा तरी होईल.

मी किल्ली घेतली. खरंच घेतली, लोखंडाची, जड, अंगाच्या उबेने कोमट झालेली. तेवढ्यात डोळ्यांपुढे बद्रीनाथ आलं, आणि चूल आली, अकरा पोरांचे कपडे आणि अंथरुणं आली. आणि मी म्हणालो, "बाई, राहिलो असतो हो. पण आमच्या कचेरीत रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो."

साफ खोटं. त्यांना ते कळलं असेल का? बहुतेक कळलं. त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली परत दिली, आणि त्या म्हणाल्या, नियम असतात बाबा कचेरीचे. 'बाबा' म्हणाल्या त्या मला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघायच्या वेळी पडवीत समारोप झाला. भाऊसाहेबांचं भाषण, सेवापथावर नारळ, सामुदायिक फोटो. काशिनाथ फावडी मोजून भारा बांधत होता. बांधला, खांद्यावर घेतला, दोन पावलं टाकली, आणि परत येऊन भारा पडवीत ठेवला.

"बाय, मी रातो," तो म्हणाला. "मिरगापरयंत. मंग मना जावा लागंल, पेरनी हाय. पन तवर रातो."

बाई त्याच्याकडे वळल्या. भात-डाळ येते का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, येते, आणि मिठागरावर सहा महिने मीच गड्यांचं करतो. मुलं मासे खात असतील तर नदीत जाळंही टाकीन. मी मनात दिवस मोजले. मृग लागायला बरोबर तीन आठवडे होते.

आता भाऊसाहेबांना कशाचं पडलं असेल? कार्डाचं. म्हणाले, याची नोंद नाही, उद्या काही कमीजास्त झालं तर मंडळ जबाबदार राहणार नाही. बाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. काशिनाथच्या हातात किल्ली ठेवली आणि त्याला भिंतीपाशी नेलं. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून भिंतीवरचं एकेक वाक्य त्यांनी बोट ठेवून तोंडी सांगितलं. त्यांना धड दिसत नव्हतं, त्याला वाचता येत नव्हतं, आणि आम्ही पंधरा साक्षर, डोळस माणसं टोप्या नीट करत उभे होतो.

परतीच्या गाडीत बाई आमच्याबरोबर होत्या. त्यांची ट्रंक कोणी उचलायची यावर नदीत जवळजवळ मारामारी झाली. कल्याणला आम्ही त्यांना चहा पाजला, डोंबिवलीला पंधराच्या पंधरा जण उतरलो, खिडकीपाशी उभे राहून नमस्कार केले. दवाखाना मुंबईत होता, त्या पुढे एकट्याच गेल्या. आता हे लिहिताना लक्षात येतंय की दादरपर्यंत सोबत जाणंसुद्धा कोणाला सुचलं नाही. सगळ्यांना घरी जाऊन आंघोळ करायची होती.

मंडळाचा वार्षिक अहवाल मीच लिहिला. 'खडवली येथील संस्थेस पंचेचाळीस दिवसांची सेवा देण्यात आली. मागणी पूर्ण.' काशिनाथच्या एकवीस दिवसांचा उल्लेख केला नाही. त्याचं कार्ड नव्हतं.

दसरा झाल्यावर मी बद्रीनाथला गेलो. बावन्नपैकी चाळीस दिवस लागले. अर्ज ठेवला त्याच दिवशी साहेबाने सही केली.

तिथून परत आल्यावर महिन्याभराने भाऊसाहेबांनी मला खडवलीला धाडलं. मंडळाने सेवा दिलेल्या संस्थांना प्रमाणपत्रं द्यायची टूम निघालेली. हिवाळ्यात नदीला पाणी बरंच होतं, होडीने पार झालो. वसतिगृह मुलांनी भरलेलं. सेवापथावर गवत माजलेलं, शोधावा लागला. बाई पडवीत तांदूळ निवडत होत्या, जाड भिंगांचा चष्मा लावून. मी उजव्या बाजूने गेलो, पुढ्यात उभा राहिलो, तरी मान वर झाली नाही. मी हाक मारली तेव्हा म्हणाल्या, इकडे या, डाव्या हाताला. त्या बाजूचं दिसतं.

डावा डोळा तीन आठवड्यांत झाला होता. मृगाच्या आदल्या दिवशी त्या परत आल्या, काशिनाथने किल्ली दिली आणि तो पेरणीला गेला. उजव्यासाठी आणखी तीन आठवडे हवे होते. माणूस नव्हता. पावसाळ्यात तो डोळा गेला. हे सगळं त्यांनी तांदळातले खडे काढत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. काशिनाथ भात झोडून झाल्यावर दोनदा येऊन गेलेला, पोरांना सुके बोंबील घेऊन.

मी प्रमाणपत्र पुढे केलं. अक्षर बारीक होतं, त्या म्हणाल्या, तुम्हीच वाचा. मला वाचावं लागलं. पंचेचाळीस दिवसांची सेवा, मागणी पूर्ण, खाली माझी सही. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घेतला, नीट घडी करून कोनाड्यात ठेवला. मग कोणाकडून कळलेलं देव जाणे, पण म्हणाल्या, "हिमालयात जाऊन आलात ना? बसा. कसा दिसतो सांगा."

मी सांगितलं. अर्धा तास सांगत होतो. या ब्लॉगवरचे ते सात लेख, जे तुम्हांला इतके आवडतात, ते पहिल्यांदा त्या पडवीत बोललो मी, बाईंच्या डाव्या हाताला बसून.

मंडळ पुढे दोन वर्षांनी बंद पडलं. गुलाबी कार्डं बरीच वर्षं माझ्याकडे होती, मग मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याच्या याद्या लिहून संपली. तुम्ही त्या जाहिरातीतल्या सहलीला खुशाल जा. खडवलीची नदी अजून छान आहे, सकाळची गाडी पकडा, पाण्याची बाटली घ्या. फक्त जाण्याआधी तिथल्या माणसाला एकदा फोन करून विचारा, तुम्हांला काय हवंय आणि किती दिवस. आणि उत्तर ऐकून भागाकार करू नका.

म्हणजे भागाकार चुकीचाच होता असंही नाही. इतकी वर्षं मी तो कागद मनात पुन्हा पुन्हा तपासतोय. पंचेचाळीसला पंधराने भागायला नको होतं, दोनाने भागायला हवं होतं. दोन माणसं, तीन-तीन आठवडे, एकेक डोळा. पंधरा लागणारच नव्हती. दोन पुरली असती, आणि त्यातला एक आलेला होता.